इशारा पातळी

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की ‘काय, कसं काय?’ असं विचारत नाहीत. ‘आयर्विनला किती फूट?’ असं विचारतात. कृष्णेवरच्या १९२९ सालच्या या पुलापाशी पाणी मोजलं जातं. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. कोयनेतून किती क्युसेक सुटलं आणि अलमट्टीतून किती पुढे गेलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाण्याने चाळिशी गाठली की नदीकाठच्या घरांतलं सामान वर चढायला लागतं. आधी कागदपत्रं, मग धान्य, मग शेगडी, शेवटी फ्रीज टेबलावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर कुठली वस्तू कोणत्या फुटाला उचलायची याची प्रत्येक घराची यादी तयार आहे.

पूर ओसरला की लोकांचं सामान खाली येतं. आमचं वर्षभर वरच आहे. तसं आमचं घर विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर. कृष्णामाई तिथवर कधी आलेली नाही आणि येणारही नाही. पण आमच्याकडे दोन वर्षांची मुलगी आहे.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे या संकटाचं व्यवस्थापन पहिल्यापासून योग्य हातांत आहे. नात रांगायला लागली तेव्हा त्यांनी ‘निरीक्षण सुरू आहे’ इतकंच सांगितलं. ती सोफ्याला धरून उभी राहिली त्या संध्याकाळी इशारा पातळी दीड फूट जाहीर झाली. चालायला लागल्यावर अडीच. दुसऱ्या वाढदिवशी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभं केलं, टाचा उंचावून हात वर करायला लावले आणि चौकटीवर रंगीत पेन्सिलींनी दोन रेघा मारल्या. डोक्यापाशी निळी, बोटांच्या टोकापाशी लाल. खात्यातल्या पूररेषाही निळ्या आणि लालच असतात, म्हणून त्यांना रंग शोधावे लागले नाहीत.

लाल रेघ साडेतीन फुटांवर आली. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “ओटा गेला.”

खरंच गेला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीची मधली उंची ८६ सेंटिमीटरच्या आसपास दिली आहे, म्हणजे जवळजवळ ३४ इंच. आपल्याकडे गवंडी ओटा बांधतात तोही ३२ ते ३४ इंचांचा. या दोन आकड्यांची गाठ कोणी घालून दिली असेल ते असो, पण दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास मूल टाचा उंचावून ओट्याची कड धरून उभं राहतं आणि चिरलेल्या कोथिंबिरीला मालकाच्या थाटात हात घालतं.

तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू वर सरकली. रिमोट टीव्हीच्या डोक्यावर गेला, सगळ्यांचे मोबाइल फ्रीजवर, औषधं कपाटाच्या माथ्यावर. सासूबाईंची जपाची गोमुखी आणि नवऱ्याच्या दुचाकीची किल्ली एकाच खिळ्याला लटकतात. नवरा एकदा घाईत गोमुखी घेऊन खाली पार्किंगपर्यंत जाऊन आला. देव्हारा भिंतीवर चढला, त्यामुळे सासूबाईंना पूजेला उभं राहावं लागतं. गुडघ्यांना ते उलट सोयीचं पडलं, पण हे त्यांनी अजून कोणाकडे कबूल केलेलं नाही. साडेतीन फुटांच्या खाली आता सोफा, चपलांचं रिकामं कपाट आणि आम्ही.

यातली मुख्य अडचण अशी, की वर ठेवलेलं मोठ्यांनाही सापडत नाही. खाली असताना प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. वर मात्र ज्याने त्याने प्रसंग पडेल तशी, एका हातात मूल धरून, दुसऱ्या हाताने जिथे पोहोचेल तिथे वस्तू भिरकावलेली असते. विजेचं बिल शोधायला निघालेला माणूस नेलकटर घेऊन परततो. सासऱ्यांचा चष्मा तर दिवसातून इतक्या वेळा हरवतो, की शोधाला लागणाऱ्या वेळात पेपर शिळा होतो.

पाहुण्यांना ही भूगोलाची पुनर्रचना ठाऊक नसते. ते येतात, बसतात आणि मोबाइल, किल्ली, पाकीट असा सगळा ऐवज विश्वासाने टीपॉयवर मांडतात. आम्ही तिघं-चौघं एकदम ओरडतो. त्यांना वाटतं, आपण कशावर तरी बसलो.

असेच एकदा माझे चुलतदीर मार्केट यार्डातून आले. सांगलीची हळद देशभर जाते, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि आमच्या घरात ती नातेवाइकांच्या हातून किलो-किलोने येते. भाऊजींनी दळलेल्या हळदीची पिशवी दारापाशी टेकवली आणि पाणी प्यायला आत आले. पाण्याचा तांब्या रिकामा व्हायच्या आत दारापासून बाल्कनीपर्यंत पिवळी पावलं उमटली होती. छोटी, पाच-पाच बोटांची, अगदी स्पष्ट. बाईसाहेब शेवटच्या पावलावर उभ्या होत्या, कोपरापर्यंत पिवळ्या, आणि आपल्या तळव्यांकडे मोठ्या कौतुकाने बघत होत्या.

नवऱ्याने लगेच कपड्यांच्या पावडरीचं पाणी आणून पहिल्या पावलावर ओतलं. पाऊल लालभडक झालं. हळदीतलं कुर्कुमिन क्षार लागला की लाल होतं. पूर्वी कुंकूसुद्धा हळदीला चुन्यासारखा क्षार लावूनच करत. शाळेत हळदीच्या कागदावर साबण घासून हा प्रयोग सगळ्यांनीच केलाय, पण गुडघ्यांवर बसून फरशी पुसताना कोणाला शाळा आठवते? तो आणखी जोमाने पावडर टाकत गेला आणि दारापासून सोफ्यापर्यंतची पावलं एकेक करून पिवळ्याची कुंकवाची झाली.

सासूबाई आतून आल्या. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला पिवळी, अशी घरात येणारी नाजूक पावलं त्यांनी पाहिली आणि दोन्ही हात जोडले. “गौरी आल्या,” त्या म्हणाल्या. “पुसू नकोस रे.”

भाद्रपदाला तीन महिने होते. पण सासूबाईंच्या शब्दापुढे जाण्याची कोणाची छाती नव्हती, आणि फरशी पुसायची नाही म्हटल्यावर नवऱ्याची भक्तीही एकाएकी वाढली. पावलं उन्हाने आपोआप फिकी होईपर्यंत राहिली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे त्यातल्या त्यात आमचं नशीब.

जेवणाचा प्रश्न उंचीने सुटत नाही, कारण जेवण तिच्याच हाताच्या टप्प्यात आणावं लागतं. मऊ भात, त्यावर वरण, तूप, लिंबाचे दोन थेंब. सासूबाई चिऊचा घास, काऊचा घास करत बाल्कनीत उभ्या राहतात. समोरच्या तारेवर कावळा असेल तर चार घास जातात. कावळा उडाला की तोंड मिटतं. समोरच्या काकू म्हणतात, “अवो, तुमच्या नातीमुळं कावळं आमच्या दारात यायचं बंद झालंय, सगळं तुमच्याकडंच.” कावळ्यांचं बरोबर आहे. चार घास हिचे, उरलेले त्यांचे. आमच्या गल्लीत सध्या सर्वांत गुटगुटीत कोण असेल तर ते कावळे.

पोट भरलं, की भरलं हे सांगण्यासाठी वाटी फेकली जाते. या बाबतीत मला चार्ल्स डार्विनचा मोठा आधार वाटला. त्याचा थोरला मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला. बाप उत्क्रांतिवादाचा जनक. त्याने पोराचीही निरीक्षणं टिपून ठेवली आणि सदतीस वर्षांनी, १८७७ मध्ये, ‘माइंड’ या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. त्यात त्याने नोंदवलंय, की मुलगा सव्वादोन वर्षांचा झाल्यावर, ज्याचा राग येईल त्याला पुस्तकं आणि काठ्या फेकून मारण्यात पटाईत झाला. आणखी काही मुलग्यांचंही तेच. मुलींमध्ये मात्र डार्विनला या कलेचा मागमूस दिसला नाही, आणि त्यावरून त्याने अंदाज बांधला, की फेकाफेकीचा वारसा मुलग्यांकडे जात असावा.

मी हे जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवत होते. ‘मुलींमध्ये’ या शब्दाशी आले आणि स्टीलचा चमचा नवऱ्याच्या कपाळावर येऊन लागला. नेम इतका स्वच्छ होता, की सासरेसुद्धा “वा!” म्हणून गेले. एका मोठ्या शास्त्रज्ञाचा सिद्धांत आमच्या डायनिंग टेबलावर पडला आणि त्याच्या पाठोपाठ वाटीही.

त्याच लेखात एक लोणच्याची हकीकत आहे. पोरगं अडीच वर्षांच्या पुढचं. अंगावरचा एप्रन काळजीपूर्वक गुंडाळून धरून चाललेलं. बापाने काय लपवलंस विचारलं, तर काही नाही म्हणालं आणि वर त्यालाच निघून जायला फर्मावलं. उघडून पाहिलं तर लोणच्याच्या रसाचे डाग. डार्विनने त्यावरून लबाडीचा उगम कसा होतो याचा विचार केला. डाग कोणी धुतले, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. दहा मुलं झाली त्या घरात. उत्क्रांतीचा ग्रंथ लिहायला त्याला इतकी वर्षं का लागली, असं विचारतात. घरात मूल असलेला माणूस असं विचारणार नाही. लिहून कसा झाला, असं विचारेल.

वर्षातून एकदा मात्र वरचं सामान आम्ही आपण होऊन खाली ओततो, तेही बायका बोलावून. बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करा. मुलाला काळं झबलं घाला, हलव्याचे दागिने घाला, पाटावर बसवा आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या ओता. ऋतू बदलताना मुलाची प्रकृती नीट राहावी म्हणून हे करतात. आमच्याकडे बाईसाहेब पाटावर बसल्या त्या प्रथम गळ्यातला हार खायला लागल्या. ओवाळणं होईपर्यंत डाव्या हातातली बांगडी संपली होती. मुकुट सासूबाईंनी वेळेत काढून कपाटावर ठेवला. मग पहिली ओंजळ डोक्यावरून ओतली गेली आणि मुलीच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पडला, की मला तेव्हाच धास्ती वाटली. वर्षभर जे केलं की सगळे ओरडतात, तेच आज दहा बायका नटूनथटून करत होत्या आणि वर फोटो काढत होत्या.

कायदा बदलला, असा तिचा साधा समज झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे दिवाणावर वामकुक्षी घेत होते. बोरन्हाणाचे उरलेले चुरमुरे डब्यात भरून कोपऱ्यात ठेवले होते. तिने डबा ओढत नेला, झाकण काढलं आणि आजोबांचं यथासांग बोरन्हाण केलं. सासरे चुरमुऱ्यांतून उठून बसले. त्यांच्या मिशीत एक चुरमुरा होता. “विसर्ग,” ते शांतपणे म्हणाले, “पूर्वसूचनेशिवाय.” सोफ्याखालचे चुरमुरे आम्ही पाडव्यापर्यंत काढत होतो.

दुपारची झोप हा घराचा सर्वोच्च सण. या वयात दिवसाकाठी अकरा ते चौदा तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे हा हिशेब हप्त्यांनी चुकता होतो. हप्ता सुरू असताना घरात कुकर लावत नाहीत, मिक्सर लावत नाहीत, बेलवर चिकटपट्टी असते. एवढं करूनही भंगारवाला येतोच, आणि नेमका आमच्या खिडकीखाली आल्यावरच त्याला कंठ फुटतो. पण खरा शत्रू घरातला आहे. नवऱ्याचे घोटे. मूल झोपवून हा पलंगावरून मांजराच्या पावलांनी उतरतो, श्वास रोखतो, दाराकडे एक पाऊल टाकतो, आणि घोटा ‘कट्’ वाजतो. टाळ्या वाजवल्या तरी न उठणारी मुलगी त्या ‘कट्’ला ताडकन उठून बसते आणि म्हणते, “बाबा!”

मोबाइलविषयी घरात एकमत आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, दोनच्या पुढे दिवसाला फार तर एक तास, तोही जितका कमी तितका बरा. हेही आरोग्य संघटनेचंच. मुलांच्या डोक्यावर मोबाइलचा काय दुष्परिणाम होतो, याचा एक व्हिडिओ सासऱ्यांना कोणी तरी पाठवला. त्यांनी तो गंभीरपणे, अगदी शेवटपर्यंत पाहिला. नात मांडीवर बसून त्यांच्या बरोबरीने पाहत होती. संपल्यावर तीच म्हणाली, “अजून.”

आणि मग खुर्ची आली. शी-शू शिकवण्यासाठी माझ्या नणंदेने प्रेमाने आणलेली, बदकाच्या तोंडाची, प्लास्टिकची, बसलं की गाणं म्हणणारी. मुलीने तिच्यावर बाहुली बसवली, वाटी बसवली, एकदा सासऱ्यांनाही बसायचा आग्रह केला. ती स्वतः बसली नाही. आम्ही हात टेकले. खुर्ची कोपऱ्यात पडून राहिली.

वोल्फगांग कोलर हा जर्मन मानसशास्त्रज्ञ १९१३ साली तेनेरिफ बेटावर गेला आणि तिथे त्याने चिंपांझींवर प्रयोग केले. हात पोहोचणार नाही इतकी उंच केळी टांगायची आणि आजूबाजूला रिकामी खोकी ठेवायची. सुलतान नावाच्या चिंपांझीने खोकं ओढत केळ्यांखाली नेलं, वर चढला आणि केळं काढलं. पुढे त्यांच्यातले काही खोक्यावर खोकंही रचायला लागले. हा प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत अजून शिकवतात. पाटबंधारे खात्यात मात्र तो अभ्यासक्रमाला नसावा, कारण सासऱ्यांच्या लाल रेघेत खुर्ची धरलेलीच नव्हती.

फ्रीजवर तासगावच्या बेदाण्यांचा डबा होता. एका सकाळी खोलीतून गाणं ऐकू आलं, बदकाचं. आम्ही आनंदाने धावलो. सासूबाई तर पदराने डोळे टिपतच आल्या, की पोरगी एकदाची बसली. ती बसली नव्हती. बदकाच्या डोक्यावर उभी होती. एका हातात बेदाण्यांचा डबा, दुसऱ्यात सासऱ्यांचा चष्मा, जो आम्ही तिघं आदल्या संध्याकाळपासून शोधत होतो.

“कुठं होता गं?” सासरे म्हणाले.

तिने फ्रीजवरच्या ब्रेडच्या डब्याकडे बोट दाखवलं.

नवऱ्याने सहज म्हणून विचारलं, “किल्ली?” ती उतरली, बदक ओढत देव्हाऱ्याखाली नेलं, चढली आणि मारुतीच्या तसबिरीमागून किल्ली काढून दिली. सासूबाईंनी चाचरत विचारलं, “हलव्याचा मुकुट?” त्यावर तिने नुसतं पोटावर हात ठेवला.

वर्षभर आम्ही वस्तू वर ठेवत होतो आणि ती खाली उभी राहून कोण काय कुठे ठेवतंय ते बघत होती. आम्हाला प्रत्येकाला फक्त आपण ठेवलेलं ठाऊक, तेही ठेवून झाल्यावर पाच मिनिटं. तिला सगळ्यांचं ठाऊक होतं.

सासऱ्यांनी परवा चौकटीवरच्या दोन्ही रेघा खोडून टाकल्या. विजेचं बिल, नेलकटर, पासबुक, काहीही सापडेनासं झालं की आता आम्ही तिलाच विचारतो. ती बदक ओढत येते, आम्ही दोन्ही बाजूंनी धरून उभे राहतो आणि वस्तू मिळते. मोबदला म्हणून बेदाणे द्यावे लागतात, सासूबाईंनी भिजवून, बारीक चिरून ठेवलेले. पहिल्यांदा मी दोन तुकडे देऊ केले, पण तिला दोनच्या पुढे मोजता येत नाही आणि दोनवर तिचं भागत नाही, म्हणून ती फी मुठीने घेते. आणि मूठ दर महिन्याला मोठी होते आहे.